बघू, मार्चनंतर

कंपन्यांनी ट्रेनिंगवर एवढा खर्च करूनही माणसं टिकत नाहीत, कारण हल्लीची पोरं चंचल, असं लेखात म्हटलंय. नाही पटलं. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझी बावीस वर्षं गेली. आमच्याकडच्या एका पोराला पीएलसी (कारखान्यातली यंत्रं आपोआप चालवणारा कंट्रोलर) शिकायला सहा आठवडे पुण्याला पाठवलं होतं. परत आला तर साहेबांनी बसवलं कुठे? हजेरीची एक्सेल शीट भरायला! विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘बघू, मार्चनंतर’. असे तीन मार्च गेले, मग पोरगाही गेला. एक्झिट फॉर्मवर कारण लिहिलं ‘वैयक्तिक’. साहेबांच्या केआरएत, म्हणजे कामगिरी मोजायच्या निकषांत, ट्रेनिंगचे तास मोजतात, हाताखालची किती माणसं सोडून गेली ते नाही. त्यांना त्याच वर्षी प्रमोशन मिळालं. पेढा मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू.

आम्हा बडोदेकरांना तर हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, बदल्यात दहा वर्षं संस्थानच्या नोकरीचा करार. १९१७ मध्ये ते रुजू झाले, तर कचेरीतले शिपाई फायली लांबूनच फेकायचे, गावात राहायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत बडोदं सोडावं लागलं. तो जातीचा अन्याय होता, आमच्या एक्सेल शीटची त्याच्याशी बरोबरी नाहीच. पण माणूस पारखणारा वर बसलेला असताना मधल्यांना जाब कोणी विचारला? लेखात या मधल्या साहेबलोकांवर एक ओळसुद्धा नाही.