लागर म्हणजे छळछावणी? हा मेसेज आता पुढे पाठवू नका

"हिटलरच्या छळछावण्यांना जर्मनमध्ये लागर म्हणायचे, महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी तेच नाव बिअरला दिलं, म्हणून लागर पिणं हा लाखो मेलेल्यांचा अपमान आहे" असा मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्याला खाली आणखी तीन दावे चिकटवलेत, की लागर म्हणजे साठवलेली म्हणून शिळी बिअर, लागर कायम फिकी पिवळी असते, आणि लागर हलकी असते त्यामुळे चढत नाही. एरवी मी असले फॉरवर्ड न वाचता उडवतो. पण माझ्या मावसबहिणीची मुलगी जर्मनीत मास्टर्स करतेय आणि वीकेंडला एका लागरमध्ये पार्टटाइम काम करते, हे ताईला माहीत होतं. मेसेज वाचून ताईने रडत फोन केला की पोरगी कसल्या छावणीत कामाला लागलीय. आता मात्र गप्प बसवत नाही.

ताई, लागर म्हणजे गोडाउन. लागरहेल्फर म्हणजे गोडाउनमधला मदतनीस, जर्मनीत जॉबच्या जाहिरातीत रोज दिसणारा शब्द आहे हा. पोरगी खोके स्कॅन करते आणि रॅकवर लावते. ऑनलाइन काही मागवायला गेलं तर वस्तूखाली "आउफ लागर" लिहिलेलं असतं, म्हणजे माल स्टॉकमध्ये आहे, बस्स. हा शब्द जर्मनमधल्या आडवं पडणं, पहुडणं या क्रियापदाच्या घरातला आहे, त्यामुळे जिथे काहीही पडून राहतं त्याला लागर म्हणतात. माणूस रात्री अंग टाकतो ते नाख्टलागर, मुलं सुट्टीत कॅम्पला जातात ते फेरीनलागर, शेकोटी म्हणजे लागरफॉयर. आणि मशिनचा शाफ्ट ज्यावर टेकतो ते बेअरिंगसुद्धा लागरच, बॉल बेअरिंगला कूगललागर म्हणतात. पुण्या-चाकणला जर्मन ड्रॉइंगवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच्या तोंडी हा शब्द असेल.

छळछावणीला कोन्त्सेन्त्रात्सिओन्सलागर म्हणत, हे खरं आहे. त्यात लागर आहे, आणि तिथून वाचून आलेल्या लोकांच्या बोलण्यात नुसतं लागर एवढंच यायचं, हेही खरं. एवढं मान्य करतो. पण आपल्याकडे चारा छावणी आहे, लष्कराची छावणी आहे आणि छळछावणीही आहे, म्हणून दुष्काळात गुरं चारा छावणीत नेणाऱ्या शेतकऱ्याला कुणी नाझी म्हणेल का? शब्दाचा अर्धा तुकडा उचलायचा आणि त्यावर एवढा भयंकर आरोप रचायचा, हे ज्यांनी खरोखर ते भोगलं त्यांच्या बाबतीतही वाईट आहे.

आता तारखा बघा, कारण तारखा बघितल्या की पहिला दावा उभाच राहत नाही. 1840 नंतर जर्मन लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले आणि त्यांच्या बरोबर लागरबिअर गेली, तिथल्या इंग्रजीने शब्द जसाच्या तसा उचलला. शिकागोत 1855 साली मेयर लेव्ही बून याने दारूच्या लायसन्सची फी 50 डॉलरवरून 300 डॉलर केली आणि रविवारी गुत्ते बंद ठेवायला लावले, जर्मन वस्ती खवळली, 21 एप्रिलला रस्त्यावर गोळीबार झाला. इतिहासात या दंगलीचं नावच लागर बिअर दंगल आहे. हिटलरच्या राजवटीतली पहिली मोठी छळछावणी, डाखाऊची, सुरू झाली मार्च 1933 मध्ये, म्हणजे 78 वर्षांनी. मग कुठले अमेरिकन सैनिक आणि कुठलं महायुद्धानंतर? हा मेसेज लिहिणाऱ्याने दोन मिनिटं शोधलं असतं तरी हे सापडलं असतं.

"साठवलेली" हा भाग बरोबर आहे, नाव तिथूनच पडलंय. पण साठवलेली म्हणजे शिळी हे कुणी सांगितलं? जर्मनीच्या दक्षिणेकडच्या बव्हेरियात 1553 च्या हुकुमाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर बनवायलाच बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती नासायची. मग मार्चपर्यंत बनवून घ्यायची आणि डोंगरात खोदलेल्या तळघरात, नदी-तळ्यांचा बर्फ भरून, ठेवायची, तळघर गार राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावायची. या थंडीत चालणारं यीस्ट वेगळं, ते साधारण 8 ते 12 डिग्रीला काम करतं आणि शेवटी तळाशी बसतं. त्यानंतर शून्याच्या आसपास काही आठवडे ठेवली की बिअर निवळते, आणि आंबताना तयार झालेला लोण्यासारखा वास यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं. म्हणजे हे ठेवणं ही बनवण्याचीच शेवटची पायरी आहे. पुढे 1870 च्या दशकात म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत कार्ल फॉन लिंडे या इंजिनिअरने बर्फाऐवजी मशिनने गारवा दिला, आज आपल्या घरात जो फ्रिज आहे त्याच्या इतिहासात या बिअरचा चांगलाच वाटा आहे.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. 1842 मध्ये आजच्या चेक देशातल्या पिल्झन गावी योसेफ ग्रोल या बिअर बनवणाऱ्याने सोनेरी लागर काढली ती जगभर गाजली, त्याआधी बव्हेरियातली लागर बहुतेक तपकिरीच असायची आणि म्युनिकची डुंकल म्हणजे गडद लागर आजही तशीच मिळते.

राहिला "हलकी असते, चढत नाही" हा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात जास्त खटकला कारण ग्रुपमधली तरुण पोरं हे वाचून बाइकवर बसतील. जर्मन डॉपेलबॉक ही लागरच आहे आणि तिच्यात 7 टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल असतं. आपल्याकडे दुकानात "स्ट्राँग" लिहिलेल्या बाटल्या मिळतात त्याही बहुतेक लागरच, 8 टक्क्यांपर्यंत. 650 मिलीची अशी एक बाटली म्हणजे 52 मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये ते साधारण 13 मिली असतं. एक बाटली म्हणजे चार पेग झाले, आणि कायद्याने गाडी चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल चालत नाही.