पंखा बंद, जहाज चालू

शिडाच्या जहाजाचं लाकडी मॉडेल करायला बसलं की सोलापुरात घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी एकच विचारतो, "काय करलालाव काका? पाण्यात चालतंय का हे?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. चहा येईपर्यंत दुसरी सूचना तयार असते. "सिद्धेश्वर तलावात सोडून तर बघू की एकदा!"

बघायचं काही कारण नाही. लाकूड, शिडं, दोर सगळं १:६४ प्रमाणात करता येतं. वाऱ्याला मात्र १:६४ मध्ये वाहायला लावता येत नाही. वाऱ्याचा आडवं पाडणारा जोर लांबीच्या घनाने कमी होतो आणि जहाजाचा सरळ राहण्याचा जोर लांबीच्या चौथ्या घाताने. म्हणजे खऱ्या जहाजाला जी झुळूक, ती मॉडेलला चौसष्टपट दांडगी. शिडं उभारून तलावात सोडलंत तर काठावरच्या माणसाची पाठ वळायच्या आत ते आडवं होईल.

तिसरा प्रश्न ठरलेला: "महाराजांच्या आरमारातलं का?" तर हे बाउंटी. १७८७ साली इंग्लंडहून ताहितीला नीरफणसाची रोपं आणायला निघालेलं. २८ एप्रिल १७८९ ला खलाशांनी बंड करून कप्तानाला होडीत उतरवून दिलं ते हेच. यावर पाहुणा गंभीर होतो आणि म्हणतो, "नीरफणसासाठी एवढं?" त्याचं चुकत नाही. डेकची लांबी २७.७ मीटर, म्हणजे टेबलावर ४३ सेंटीमीटर. चार तोफा आणि कठड्यावर फिरणाऱ्या दहा छोट्या. मुंबईचा समुद्र चारशे किलोमीटरवर असलेल्या गावात एवढं आरमार पुरे.

लाकडाचा पहिला सल्ला वखारीत मिळतो: "सागवान घ्या, जन्मभर टिकेल." टिकेल हो. पण सागवानाच्या रेषेतली मोठी छिद्रं ०.३ मिलीमीटरपर्यंत असतात. चौसष्टने गुणा, दोन सेंटीमीटर झाले. डेकवर उभा केलेला खलाशी जेमतेम २६ मिलीमीटरचा, त्याचा अंगठा त्या भोकात अडकेल. त्यापेक्षा हेदू बरा: पिवळसर, बारीक पोताचा, सुरीला सरळ चालणारा. गिरण्यांच्या बॉबिनीही याच लाकडाच्या करत, त्यामुळे सोलापूरकराने त्याला अनोळखी म्हणायचं कारण नाही. पुली आणि तीन भोकांच्या डेडआय, म्हणजे डोलकाठीचे दोर ताणायच्या गोल चकत्या, कातायला तर त्याच्याइतकं गुणी लाकूड नाही. डेडआय तीन मिलीमीटरची, भोकं ०.६ ची. ड्रिलचं पातं मोडलं की ते शेवटच्या भोकात मोडतं, पहिल्या भोकात कधीच नाही.

सांगाडा म्हणजे मधे उभी कील, म्हणजे जहाजाचा कणा, आणि तिला काटकोनात बसवलेले बल्कहेड, म्हणजे जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराच्या फळ्या. इथे घाई करणारा पुढे रडतो. कील एका डोळ्याने टोकाकडून बघायची. एक मिलीमीटरचा बाक दिसला तर आत्ताच काढायचा, कारण नंतर तो शेवटपर्यंत सोबत राहतो. मग फेअरिंग. लवचिक पट्टीला १२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवून बल्कहेडच्या कडा तिरक्या घासायच्या. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, आणि पिछाडीच्या सगळ्यात जास्त. लाकडाची बारीक काडी लांबीभर आडवी धरून बघायची. ती प्रत्येक बल्कहेडला टेकली पाहिजे. एकावर उचललेली दिसली की तिथे उंचवटा, एकावर पोकळी दिसली तर तिथे कपटा चिकटवा. हे काम दिसत नाही, म्हणून कुणाला आवडत नाही. दुसऱ्याने केलेलं मॉडेल बघताना मी पॉलिश बघत नाही, नाळेच्या गालावर बोट फिरवतो. तिथे सपाटी लागली की समजायचं, यानं फेअरिंगच्या वेळी क्रिकेट पाहिलं.

आता सांगाड्यावर चढवायच्या पट्ट्या. जहाज मधे फुगीर, पुढे निमुळतं. पट्टी मात्र वखारीतून सरळ येते. मधल्या बल्कहेडवर कागदाची चिंधी लावून घेर मोजा. समजा ११० मिलीमीटर निघाला आणि पट्टी ५ ची, तर बावीस पट्ट्या. त्याच बावीस नाळेपाशी ६६ मिलीमीटरमध्ये बसवायच्या, म्हणजे तिथे प्रत्येक पट्टी तीनची. निम्म्याच्या खाली, अडीचपेक्षा बारीक, न्यायची नाही. तशी वेळ आली तर दोन पट्ट्यांच्या जागी एकच रुंद पुढे न्यायची. एक डावीकडे लावली की लगेच एक उजवीकडे. एकाच बाजूला आठ-दहा लावत सुटलात तर कील केळ्याकडे झुकते. पट्टी रुंदीच्या दिशेने वाकवायला जाऊ नका, ती वाकत नाही, एक कड उचलते.

वाकवण्यासाठी अर्धा तास गरम पाण्यात भिजवायची. जहाजाला उभ्या आयुष्यात पाणी लागतं ते एवढंच, आणि ते नळ न येण्याच्या दिवशी लागतं. पिंपातलं उपसलेलं पाणी पातेल्यात ओतून त्यात लाकडं घातलेली दिसली की घरातून जो आवाज येतो, त्यापुढे बाउंटीवरचं बंड सौम्य होतं. भिजलेली पट्टी इस्त्रीच्या टोकावर फिरवून वाकवा, जागेवर टाचण्या आणि चिमट्यांनी धरा, आणि मग हात लावू नका. ओली असतानाच फेविकॉल लावायचा मोह होतो. ओलं लाकूड फुगलेलं असतं; वाळलं की आखडतं आणि दोन पट्ट्यांत फट पडते. मे महिन्यात आपल्याकडे पट्टी तासाभरात वाळते, त्यामुळे न थांबायला सबबही उरत नाही. कोरडीच वाकवलीत तर मात्र ती कडक भाकरीसारखी मधोमध तडकते.

डेकच्या बाबतीत हवामान फारच हिशेबी आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हवेबरोबर कमी-जास्त होतं. ऑगस्टमधल्या दमट हवेत घट्ट चिकटवलेलं डेक एप्रिलमध्ये आपोआप फटी दाखवतं. म्हणून पट्ट्या बसवायच्या खोलीतच आधी महिनाभर उघड्या ठेवायच्या, आणि चिकटवताना कूलर बंद.

दोरकामात तर आपण गावाचे जावई, असं वाटतं. दर गल्लीत सूत! पण टॉवेलचं सूत जहाजाला चालत नाही. त्याला पीळ मुद्दाम कमी देतात, पाणी प्यावं म्हणून. त्याचा दोर केला तर तो केसाळ दिसतो. १:६४ मध्ये खलाशांनी लोकर नेसवलेली वाटते. घट्ट पिळाचा, मर्सराइझ केलेला सुती दोरा घ्या, दिव्याच्या ज्योतीशेजारून झरकन न्या म्हणजे तुसं जळतात, आणि मधमाशीच्या मेणातून दोनदा ओढा. मेण नसेल तर पावसाळ्यात दोरा ताणतो आणि उन्हाळ्यात सैल पडतो. जुलैत डोलकाठी डावीकडे वाकलेली, मार्चमध्ये उजवीकडे. पॉलिस्टर ज्योतीपाशी नेऊ नका, गोळी होते.

आणि आता रॅटलाइन्स, म्हणजे खलाशी चढायचे त्या दोरशिडीच्या आडव्या पायऱ्या. डोलकाठीला बाजूंनी ताणून धरणारे उभे दोर ते श्राउड. समजा एका बाजूला सहा श्राउड, पंचवीस पायऱ्या. प्रत्येक छेदावर एक क्लोव्ह हिच: दीडशे गाठी. दुसऱ्या बाजूच्या धरून तीनशे. पुढच्या डोलकाठीच्या तेवढ्याच, मागच्या छोटीच्या निम्म्या, वरच्या टप्प्यांच्या वेगळ्या. हजाराला पोचायला वेळ लागत नाही. पायऱ्यांत अंतर सहा मिलीमीटर, दोरा ०.२ चा. श्राउडच्या मागे सहा-सहा मिलीमीटरच्या रेघा मारलेला पांढरा कार्ड लावा, वरती-खालती काडी बांधून श्राउडमधलं अंतर कायम ठेवा आणि गाठ ओढताना हात राखा. जरा आवळली की श्राउड जवळ येतात आणि शिडी कमरेत चिमटलेली दिसते.

०.२ चा दोरा पंख्याच्या वाऱ्यावर उडतो. म्हणून पंखा बंद. एप्रिलचा सोलापुरी उन्हाळा, पारा बेचाळीसवर, दारं लावलेली, चिमट्यात दोरा, आणि घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन बरोब्बर तिसऱ्या गाठीवर टपकतो. घरचे डोकावून विचारतात, "लाइट गेली का?" नाही म्हटल्यावर काही न बोलता दार लावून घेतात. गाठीवर पातळ फेविकॉलचा थेंब ब्रशने लावा, निम्मं पाणी. फेविक्विक नको, दोरा काचेसारखा ठिसूळ होतो, शेजारच्या लाकडावर पांढरं सारवण उठतं आणि तिथे पॉलिश धरत नाही. टोकं वाळल्यावरच कापा.

एवढं झालं की पाहुणा विचारतो, "शिडं कुठायत?" चादरींच्या गावात विचारायलाच हवं. पण साध्या सुती कापडाचा धागासुद्धा ०.२ मिलीमीटर धरला तर खऱ्या जहाजावर तो करंगळीएवढा जाड होतो. शीड नव्हे, पोतं. मी गुंडाळलेली शिडं करतो. कापड नाही, संक्रांतीनंतर उरलेला पतंगाचा पांढरा कागद. चहाच्या पाण्यात रंगवायचा, उंची खऱ्याच्या एक तृतीयांशच ठेवायची, नाहीतर काठीवर गादी बांधल्यासारखं दिसतं. पातळ फेविकॉलने ओला करून चुण्या पाडायच्या आणि वाळायच्या आत दोऱ्याने बांधायचा. कागद फाटला तर दुसरा घ्यायचा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत गल्लीतली पोरं तारेवर अडकलेले पतंग फुकटात देतात, फक्त हिरवा-लाल नको म्हणून बजावावं लागतं.