किमान वेतन वाढलं? घाबरू नका, उपाय आहेत

किमान वेतनाचे दर वाढले की सज्जन माणसाची झोप उडते. तुमचीही उडाली असेल. आमच्या इमारतीत गेल्या रविवारी अडीच तास सभा चालली ती याच पायी. रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीचं पत्र आलं होतं: नवे दर लागू झाल्यामुळे पुढील महिन्यापासून बिलात वाढ होईल, कृपया नोंद घ्यावी. ती नोंद घेता घेता जाणत्या मंडळींकडून जे ज्ञान कानावर पडलं, ते एकट्याने दाबून ठेवणं बरं नव्हे. हा लेख जपून ठेवा. दर पुन्हा कधीतरी वाढणारच आहेत.

सगळ्यात आधी दुःखी व्हा. स्वतःसाठी नव्हे, त्याच्यासाठी. ‘मला माझ्या खिशाचं काही नाही हो, पण यात गरिबाचंच नुकसान आहे’ हे वाक्य पाठ करा आणि म्हणताना मान जराशी कलती ठेवा. पगार वाढला म्हणजे त्याच्या हातात चार पैसे जास्त पडतील, असं भोळ्याभाबड्यांना वाटतं. त्यांना पुढचं चित्र दाखवा: मालक माणसं कमी करील, यंत्र आणील, धंदाच गुंडाळील. ‘मालक’ हा शब्द असा उच्चारायचा, की तो लांब कुठेतरी डोंगरावर राहणारा राक्षस आहे आणि त्याच्यापुढे आपलं काही चालत नाही. इथे तो मालक म्हणजे खुर्च्यांवर बसलेले आपण बत्तीस जण, हे सभेत कुणी बोलत नसतं.

मग अर्थशास्त्राचा दाखला द्या, पण अर्धाच. ‘भाव वाढला की मागणी घटते’ एवढं सांगून खाली बसा. कुणी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचं नाव काढलं तर घड्याळाकडे बघा. तिथे 1992 च्या एप्रिलमध्ये किमान दर ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर झाला. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्वेनियातली मिळून 410 फास्ट फूडची दुकानं वाढीआधी आणि वाढीनंतर तपासली. नोकऱ्या घटल्याचं काही सापडेना. त्यावरून अर्थशास्त्रज्ञांत जी हमरीतुमरी सुरू झाली, ती 2021 मध्ये कार्ड यांना नोबेल मिळालं तरी थांबलेली नाही. नोकऱ्या न घटण्याचं कारण मात्र साधं आहे. मालक आणि मजूर बरोबरीने घासाघीस करतात हे गृहीतच मुळात पोकळ. ज्याला पुढच्या महिन्याचं भाडं भरायचंय तो मिळेल त्या दराला हो म्हणतो, त्यामुळे दर त्याच्या कामाच्या मोलापेक्षा आधीच खाली दाबलेला असतो. तो थोडा वर उचलला तरी मालकाला माणूस परवडतोच. (कितीही उचला, काही बिघडत नाही, असं शहाणा माणूस म्हणत नाही. पण सभेत शहाणी माणसं मागच्या रांगेत बसतात.)

हे सगळं सभेत सांगू नका. भाव वाढला, मागणी घटली, खाली बसा.

गणवेशाचे पैसे पगारातून कापा.

नावं बदला. कामगाराला कामगार म्हटलं की कायदा लागतो, म्हणून त्याला मदतनीस म्हणा, प्रशिक्षणार्थी म्हणा, कुटुंबातलाच एक म्हणा. ‘पार्टनर’ हा सध्या सर्वांत स्वस्त पडणारा शब्द आहे. यात जोखीम थोडी असते: ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये उबरला बजावलं, की तुमचे चालक हे कामगारच आहेत, त्यांना किमान वेतन लागू होतं. पण खटला तिथवर पोहोचायला वर्षं लागतात आणि तेवढ्यात बरीच बचत होते. जुन्या पिढीने हेच काम कायदा लिहितानाच उरकलं होतं. अमेरिकेने 1938 मध्ये ताशी 25 सेंटचा दर देशभर लावला तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले. घरकाम करणाऱ्या बायका त्या कायद्यात आल्या 1974 मध्ये. छत्तीस वर्षं भांडी घासणं हे काम नव्हतंच म्हणायचं.

पगार बँकेत भरा आणि फरक रोखीने परत घ्या. हीही काही आजची अक्कल नव्हे. मजुरीतला वाटा असा परत उकळू नये म्हणून अमेरिकेला 1934 मध्ये वेगळा कायदा करावा लागला होता.

घाई नसेल तर सर्वांत सोपा उपाय: काहीच करू नका. तिथलाच केंद्रीय किमान दर 2009 पासून ताशी 7.25 डॉलरवर थिजलेला आहे आणि टिपवर राबणाऱ्यांचा 2.13 डॉलरवर, तोही 1991 पासून. महागाई आपोआप दर खाली आणते. कुणाला पगार कापावा लागत नाही, कुणाचे शिव्याशाप लागत नाहीत.

स्वातंत्र्याचा मुद्दा विसरू नका, तो फार शोभून दिसतो. ‘त्याला कमी पगारात काम करायचं असेल तर अडवणारे आपण कोण?’ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1923 मध्ये करारस्वातंत्र्याच्या नावाखाली स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदा रद्दच केला होता. 1937 मध्ये एल्सी पॅरिश नावाची हॉटेलात खोल्या साफ करणारी बाई आपला बुडवलेला फरक मागत त्याच न्यायालयापर्यंत गेली आणि न्यायालयाने जुना निकाल फिरवला. खोल्या झाडणाऱ्या बाईला स्वातंत्र्य कळलं नाही, दुसरं काय.

याच स्वातंत्र्यापोटी सह्या घ्या. इंग्लंडमधल्या क्रॅडली हीथ गावातल्या मालकांकडून शिकण्यासारखं आहे. तिथल्या बाया घरामागच्या छोट्या भट्ट्यांवर लोखंडी साखळ्या घडवायच्या. 1910 मध्ये त्यांच्यासाठी ताशी अडीच पेनीचा किमान दर ठरला. मालकांनी काय करावं? एक कागद पुढे केला: आम्ही या दरावर आपखुशीने पाणी सोडतो. बऱ्याचजणींना वाचता येत नव्हतं, त्यांनी अंगठे उठवले. बाकीच्या मात्र कामगार संघटनेच्या पुढारी मेरी मॅकार्थर यांच्यामागे उभ्या राहिल्या आणि दहा आठवडे कामाबाहेर राहून दर घेऊनच भट्टीवर परतल्या. हा शेवटचा भाग सोडून द्या. कागदाची कल्पना उत्तम आहे.

आता मुख्य उपाय. दर सरकार ठरवतं, तास आपण ठरवतो.

सिअ‍ॅटल या अमेरिकी शहरात किमान दर ताशी 13 डॉलरपर्यंत गेला, तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांना 2017 मध्ये दिसलं, की कमी पगाराच्या कामांतले तास सुमारे 9 टक्क्यांनी घटले आणि तासाची कमाई मात्र 3 टक्क्यांच्या आसपासच वाढली. म्हणजे महिन्याच्या हिशेबात मजुराला तोटाच. बर्कली विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्याच वर्षी तिथल्याच खानावळी तपासल्या, त्यांना पगार वाढलेले दिसले आणि नोकऱ्या जागेवर. आमच्या खजिनदारांना यातला फक्त पहिला अभ्यास माहीत होता. तो त्यांनी फोनवरून मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, ‘बघा, जग हेच सांगतंय.’ आणि लगेच त्यांनी आपला प्रस्ताव मांडला.

प्रस्ताव असा. आजवर तीन रखवालदार, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. यापुढे दोन रखवालदार, बारा-बारा तास. दोघांना नवा वाढीव पगार द्यायचा, कायदा पाळल्याचं समाधान. तिसरा कमी, म्हणजे एकूण बिल पूर्वीपेक्षा खाली. टाळ्या पडल्या हो! सिअ‍ॅटलमध्ये तास कापले, आमच्याकडे ताणले, आणि दोन्हीकडे माणूस तोच पिळला गेला. मागून कुणीतरी विचारलं, की जादा चार तासांचे वेगळे पैसे द्यावे लागतील ना? त्यावर पहिल्या रांगेतून उत्तर आलं, ‘गेटवर काम असतं काय? बसायचंच तर असतं.’

हे म्हणणारे गृहस्थ दिवसातून चार वेळा गेटवर फोन करून विचारतात, पार्सल आलं का. त्यांची गाडी आडवी उभी असते ती सरळ कोण लावतं, पंप बंद करायला पहाटे कोण उठतं, लिफ्ट अडकली की किल्ली घेऊन पाच मजले कोण चढतं? बसायचंच तर असतं! मग तुम्ही बसा ना बारा तास. एक रात्र बसून दाखवा, त्या पाठ मोडलेल्या खुर्चीत, डासांत, आणि दर गाडीला उठून फाटक उघडा. भागाकार तरी करा. आठ तासांचा पगार बारा तासांवर पसरला, तर पगार पन्नास टक्क्यांनी वाढल्याशिवाय तासाचा जुना दरसुद्धा राहत नाही. वाढ त्याच्या जवळपासही नव्हती. म्हणजे किमान वेतन वाढल्याच्या महिन्यात आमच्या रखवालदार काकांची तासाची मजुरी कमी झाली, आणि ती आम्ही कमी केली, ठराव करून, सूचक आणि अनुमोदकाच्या नावासकट.

काका तिथेच होते. हजेरीच्या रजिस्टरवर सह्या घ्यायचं काम त्यांचंच. दाराशी रजिस्टर छातीशी धरून ते सगळं ऐकत उभे होते. खजिनदार त्यांना म्हणाले, ‘काका, खरं सांगतो, तुमच्यासाठीच वाईट वाटतंय.’ काका ‘हो साहेब’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पुढचा विषय तळमजल्यावरच्या नव्या दिव्यांचा होता. तो चार मिनिटांत मंजूर झाला. त्या खर्चात गरिबाचं नुकसान कुणाला दिसलं नाही.

तिसरा होता तो रात्रपाळीचा मुलगा. त्याचं नाव सभेत कुणाला आठवेना, म्हणून इतिवृत्तात ‘एक पद कमी’ असं लिहिलं.

पुरे झालं मार्गदर्शन. ब्रिटनमध्ये 1999 मध्ये ताशी 3.60 पौंडाचा दर आला, जर्मनीत 2015 मध्ये 8.50 युरोचा. दोन्हीकडे आधी लाखो नोकऱ्यांचं सुतक पाळून झालं होतं, आणि तेवढ्या नोकऱ्या गेल्या नाहीत. काही ठिकाणी जातात, तास घटतात, हेही खरं. पण नोकरी म्हणजे काही वळचणीचं पाणी नव्हे आपोआप गळायला. ती कुणीतरी बसून, बोलून, हात वर करून घालवतं. तुम्हीच भाकीत सांगायचं, तुम्हीच ते खरं करायचं आणि तुम्हीच वर म्हणायचं, बघा, मी म्हणालो होतो ना. लाज वाटत नाही? किमान वेतनाहून कमी देऊन करून घेतलेलं काम ही वेठबिगारी आहे, असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच, आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सांगितलंय. बारा तास राबवून आठ तासांचे पैसे देणं याला तुम्ही काय म्हणता? काटकसर?

परवडत नाही ना, मग सरळ म्हणा, आम्हाला पैसे सोडवत नाहीत. निदान ते खरं तरी असेल. निवृत्तिवेतनावर जगणारी दोन-तीन घरं आहेत, त्यांची अडचण मला मान्य आहे, त्यांच्यासाठी वाटणी वेगळी करता येईल. बाकीच्यांनी तोंड वर करून परवडत नाही म्हणू नये. ठरावाच्या वेळी माझाही हात वर गेला होता. उशीर झाला होता, वाद नको वाटला, शेजारचे बघत होते. म्हणजे हे बोलणं मलाही लागू आहे, ते मी टाळत नाही.

तो ठराव पुन्हा सभेपुढे आणायचा तर सदस्यांच्या सह्या लागतात. कागद तयार आहे, संध्याकाळी घेऊन फिरतो. आतापर्यंत चार सह्या झाल्यात. तुम्हाला करायची नसेल तर नका करू, दार लावून घ्या. फक्त काकांची काळजी वाटते म्हणून सही करत नाही, एवढं मला सांगू नका.