चेतापेशीला केंद्रक नसते? फिरत्या तक्त्यातील चार विधाने

सांगली-मिरज भागातील पालकांच्या आणि खासगी शिकवण्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर, एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी म्हणून, एक तक्ता सध्या फिरतो आहे. डाव्या रकान्यात ‘प्राणीपेशी’ आणि उजव्या रकान्यात ‘चेतापेशी’ (मेंदूतील व नसांतील संदेशवाहक पेशी) अशी त्याची मांडणी असून उजवीकडे चार विधाने आहेत: चेतापेशीला केंद्रक नसते, म्हणून तिचे विभाजन होत नाही; तारेतून वाहते तशी वीज तिच्यातून वाहते; मेंदू केवळ चेतापेशींचा बनलेला असतो; आणि नस (म्हणजे चेतातंतूंचा जुडगा, रक्तवाहिनी नव्हे) एकदा तुटली की पुन्हा कधीच वाढत नाही. मुळात ही दोन रकान्यांची मांडणीच फसवी आहे. चेतापेशी ही प्राणीपेशीच आहे, त्यामुळे तुलना करायची तर ती गालाच्या आतील अस्तराच्या किंवा यकृताच्या पेशीशी करायला हवी.

पहिले विधान सरळसरळ चुकीचे आहे. गालाच्या आतून खरवडलेल्या पेशी मेथिलीन ब्लूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर फिकट निळ्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशीत केंद्रकाचा गडद ठिपका चटकन नजरेत भरतो. मेरुरज्जूच्या तयार काचपट्टीत मात्र चेतापेशीच्या मोठ्या, कोनाकोनांच्या पेशीकायातील, म्हणजे पेशीच्या मुख्य भागातील, केंद्रक फिकट दिसते आणि त्यात केंद्रकीचा एक ठसठशीत बिंदू असतो. गडद केंद्रक शोधण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला ते सापडत नाही. हे विधान अशाच एखाद्या घाईच्या निरीक्षणातून जन्मले असावे, अशी शंका येते. केंद्रकाबरोबरच प्रद्रव्यपटल, पेशीद्रव, तंतुकणिका, गॉल्गी पिंड ही सारी सामग्री दोन्हीकडे सारखीच असते. किंबहुना रायबोझोम असलेली आंतर्द्रव्यजालिका चेतापेशीच्या पेशीकायात इतकी दाट असते की विशिष्ट रंग दिल्यावर तिचे पुंजके वेगळे ओळखू येतात, कारण दूरवर पसरलेल्या अक्षतंतूला, म्हणजे संदेश पुढे नेणाऱ्या लांब धाग्याला, लागणारी बहुतेक प्रथिने तिथेच तयार होतात. केंद्रक नसलेल्या पेशीचे उदाहरण हवेच असेल, तर माणसाची परिपक्व तांबडी रक्तपेशी घ्यावी. प्रौढ चेतापेशी सहसा विभाजित होत नाही हे खरे, पण केंद्रकाचा अभाव हे त्याचे कारण नव्हे. विशिष्ट कामासाठी घडताना ती विभाजनाच्या चक्रातून बाहेर पडलेली असते. केंद्रक असूनही हृदयाच्या स्नायुपेशी क्वचितच विभाजित होतात.

खरा फरक आकारात आहे आणि नेमका तोच तक्त्यात नाही. गालाच्या पेशीची रुंदी सुमारे 60 मायक्रोमीटर भरते. उलट कमरेजवळच्या मेरुरज्जूपासून पावलाच्या स्नायूंपर्यंत जाणारा एकच अक्षतंतू सुमारे 1 मीटर लांब आणि जाडीने अवघा काही मायक्रोमीटर असतो. संदेश आत घेणाऱ्या वृक्षिका आणि तो पुढे नेणारा अक्षतंतू, ही रचना कामातूनच आलेली आहे.

विजेची गोष्ट अर्धी खरी असल्यामुळे अधिक दिशाभूल करते. तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या दिशेने सरकतात. अक्षतंतूत मात्र सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) पेशीच्या पटलातून आडवे आत शिरतात आणि पाठोपाठ पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात. विश्रांतीच्या वेळी पटलाच्या आतील बाजूस सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट विभव असतो, तो क्षणभर उलटतो आणि त्यामुळे शेजारच्या भागात तीच क्रिया सुरू होते. ऊस तुटून गेल्यावर वाळवा-पलूसकडच्या रानात पाचट पेटवतात, तेव्हा प्रत्येक ठिकाणचे पाचट स्वतः पेटून पुढच्याला पेटवते आणि दुसऱ्या बांधाशी पोहोचलेली आग पहिल्याइतकीच जोमदार असते. अक्षतंतूतून जाणाऱ्या या विद्युत संदेशाचे, म्हणजे आवेगाचेही तसेच, फक्त अक्षतंतू काही मिलिसेकंदांत पुन्हा सज्ज होतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1850 मध्ये बेडकाच्या चेतातंतूत मोजलेला वेग सेकंदाला सुमारे 27 मीटर होता. माणसातील सर्वात जलद तंतूंतही तो 120 मीटरच्या आसपास थांबतो, तर तारेतील विद्युत संकेत सेकंदात हजारो किलोमीटर जातो. शिवाय पटलाच्या दोन बाजूंमधील विभवांतर केवळ चेतापेशीची मक्तेदारी नाही: ते प्रत्येक जिवंत पेशीत असते आणि स्नायुपेशीही असेच आवेग निर्माण करतात.

मेंदू केवळ चेतापेशींचा असतो या तिसऱ्या विधानासाठी मेरुरज्जूच्या वरच्याच काचपट्टीकडे पुन्हा पाहणे पुरेसे आहे, कारण मोठ्या पेशीकायांभोवती विखुरलेले लहान गडद ठिपके ही मुख्यतः आधार देणाऱ्या चेताश्लेषी पेशींची केंद्रके असतात. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यांखेरीज इतर पेशीही जवळपास तितक्याच आहेत.

नस तुटण्याविषयीचे विधान मेंदू आणि मेरुरज्जूच्या बाबतीत बहुतांशी बरोबर आहे, परंतु हातापायांतील नसांना ते लागू पडत नाही. कोयता लागून मनगटाजवळ नस कापली गेली, तरी मेरुरज्जूतील आणि त्यालगतचे पेशीकाय सहसा जिवंत राहतात. नस वेळेवर जोडली, तर अक्षतंतूचे टोक जुन्या आवरणाच्या वाटेने दिवसाला साधारण 1 मिलिमीटर या गतीने वाढू शकते. यात नवी पेशी जन्मत नाही, जुनीच लांबते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर 18 सेंटीमीटर धरले, तर तंतू तिथवर पोहोचण्यास सुमारे सहा महिने लागतात, आणि त्यानंतरही संवेदना पूर्वीइतकी नेमकी होईलच असे नाही.