अठरा वर्षांच्या पोराला होकार कोण देतं?

ऑगस्ट 1914. पेटर कोल्विट्झ हा अठरा वर्षांचा जर्मन मुलगा मित्रांबरोबर नॉर्वेत भटकत होता. युद्ध पेटल्याचं कळलं तशी पोरं बर्लिनला परतली, सैन्यात नाव घालायला. पेटरचं वय कमी, म्हणून वडिलांची संमती हवी. वडील कार्ल कामगार वस्तीतले डॉक्टर. त्यांनी साफ नकार दिला. त्यांचं मन वळवलं ते पेटरच्या आईने, म्हणजे प्रसिद्ध चित्रकार केटे कोल्विट्झ यांनी.

ऑक्टोबर संपायच्या आत पेटर बेल्जियममध्ये मारला गेला.

तरुणपणी युद्धाचं वेड असतं, पुढे अनुभवाने ते उतरतं, असं आपण सहज बोलून जातो. पण उतरायला माणूस जगावा तर लागतो! पेटरला ती सवडच मिळाली नाही. भ्रम फिटला तो आईचा, आणि तोही लगेच नाही. तिच्या डायरीतली ही घालमेल मला फार अस्वस्थ करते: युद्ध हा वेडेपणा आहे असं म्हटलं, तर ज्या श्रद्धेने पोरगं गेलं तिच्याशी आपण बेइमानी करतो का? किती घरं याच प्रश्नापाशी अडकून गप्प बसत असतील.

केटे गप्प बसल्या नाहीत. ऑक्टोबर 1918 मध्ये रिशार्ड डेमेल या कवीने शेवटच्या लढाईसाठी आणखी स्वयंसेवक मागितले, तेव्हा त्यांनी जाहीर उत्तर दिलं. पुरे झाली माणसं मेलेली, असं सांगून जर्मन महाकवी गटेचं वचन पुढे ठेवलं: बियाणं दळायचं नसतं. शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही.

पेटरच्या स्मारकावर त्या 1932 पर्यंत काम करत राहिल्या. आधीच्या आराखड्यात मुलाचा देह होता, पुढे तो काढला. उरले गुडघे टेकलेले आईबाप. ते शिल्प आज बेल्जियममध्ये व्लाड्स्लोच्या जर्मन दफनभूमीत आहे. एवढं करूनही 1942 मध्ये त्यांचा नातू रशियन आघाडीवर पडला. त्याचंही नाव पेटर.

म्हणून टीव्हीवरच्या रणगर्जना ऐकून मुठी आवळणाऱ्या पोरांवर मला राग काढवत नाही. राग येतो तो त्या गर्जना करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसांचा. त्यांना आघाडीवर कुणीच पाठवणार नसतं.