फुकटचं घर

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 बिऱ्हाडांना 14 ऑगस्ट 2025 ला नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या. त्यात आमची आई होती. त्याच रात्री जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "लॉटरी लागली राव! आम्ही वीस वर्षं हप्ते फेडतोय आणि यांना वरळीत पाचशे फूट फुकट." खाली हसऱ्या इमोजींची रांग. मी काही बोललो नाही. पण ते ‘फुकट’ डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितोय.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइडने 1920 साली हे खातं काढलं. गिरण्या जोरात होत्या आणि कामगारांना राहायला जागा नव्हती. कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर लावून 50,000 खोल्या बांधायच्या असं ठरलं. झाल्या 207 इमारती: वरळीत 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32, शिवडीत 12. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या. मधून लांबलचक अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं. खोली 160 चौरस फुटांची. (याच खात्याने बॅकबेला समुद्रात भराव घालायचा घोळ घातला. त्यावर तुटून पडलेल्या वकील नरिमनांचंच नाव पुढे भरावाच्या जमिनीवरच्या नरिमन पॉइंटला मिळालं. मुंबईचा विनोद असा असतो.)

आता गंमत ऐका. या खोल्या कोणाला नको होत्या. वरळी तेव्हा आडबाजूला, गिरण्या लांब, भाडं परवडेना, आत उजेड नाही. इमारतीच्या इमारती वर्षानुवर्षं रिकाम्या पडून. सविनय कायदेभंगात पकडलेल्या सत्याग्रहींना ठेवायला जागा पुरेना, तेव्हा सरकारला या चाळी आठवल्या. वरळीत तात्पुरता तुरुंग झाला. ज्या खोलीत माझा पाळणा टांगला, ती सरकारी नजरेत कोठडी म्हणून चालण्यासारखी होती.

तिचं घर केलं ते आमच्या लोकांनी. कोकणातल्या एकेका गावाने एकेक खोली धरली. तीस-तीस चाकरमानी एका खोलीत, एक पाळीवर गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा आडवा. बायका आल्या, बिऱ्हाडं थाटली गेली. भाऊंनी, म्हणजे वडिलांनी, पोटमाळा घातला तेव्हा आम्ही आठ जण झालो होतो. मोरीला पडदा, दाराशी पाण्याचं पिंप, उन्हाळ्यात पॅसेजमध्ये आणि गच्चीवर पथाऱ्या. सरकारने भिंती दिल्या. बाकी सगळं, खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळं, जयंत्या, गणपती, हे भाडेकरूंनी उभं केलं.

पण ‘चाळीतलं प्रेम’ वगैरे लिहिणाऱ्यांच्याही मी बाजूचा नाही. ते बहुतेक चाळ सोडून तीस वर्षं झालेले असतात. मजल्याच्या सामाईक संडासापुढे पोटात कळ आलेली असताना उभं राहा, मग सांगा प्रेम. आई पहाटे चारला उठायची ती देवासाठी नाही, रांग नको म्हणून. ताईची पाळी सुरू झाली तेव्हा तिने शाळेतून घरी आल्यावर पाणीच प्यायचं सोडलं होतं. हे आम्हा भावांना कितीतरी वर्षांनी कळलं.

आणि सगळे गुण्यागोविंदाने राहत होते हेही अर्धंच खरं. कुठली बिल्डिंग बौद्धांची, कुठली मराठ्यांची, हे शाळकरी पोरालाही पाठ असायचं. जानेवारी 1974 मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळी पेटली. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर दगड, बाटल्या. 10 तारखेच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण डोक्यात पाटा पडून गेला. आमच्याकडे तो विषय निघाला की भाऊ रेडिओचा आवाज वाढवायचे. लहानपणी मला वाटायचं त्यांना बातम्या फार आवडतात.

मग 18 जानेवारी 1982 चा गिरणी संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यात भाऊ. गिरणी परत नीट सुरू झालीच नाही. आईने पोळ्या लाटल्या, डबे दिले. त्या वर्षांत आमच्या बाजूच्या चार बिऱ्हाडांनी खोल्या सोडून गाव गाठलं. आम्ही राहिलो, कारण गावाला परत जाण्याजोगं काही नव्हतं. एवढंच. याला चिकाटी म्हणू नका.

2017 ला चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं, 2021 ला दुसऱ्या सरकारने पुन्हा समारंभ केला. दोन्ही वेळा आई नवी साडी नेसून गेली. भाऊ मधल्या काळात गेले. आता चाळीस मजली टॉवर आहे. मेंटेनन्स पुढे कसा झेपेल, ही धास्ती मजल्यावर प्रत्येकाला आहे, आणि ती खोटी नाही.

पहिल्या दिवशी आई संडासात गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. मी घाबरून दार वाजवलं. आतून म्हणाली, "बसलेय रे. कोणी बाहेर उभं नाही ना, म्हणून बसलेय."

ग्रुपवर त्या मित्राला मी यातलं काही लिहिलेलं नाही. रविवारी पूजा आहे, ये, एवढंच कळवलंय.