यादीत तुमचं नाव आहे, पण तुमच्या नावावर गाडी आहे का?

मोजक्या संख्येत निघणारी स्पोर्ट्स कार घ्यायची ठरली की माणसं महिनोन्‌महिने कॉन्फिगरेटरवर, म्हणजे कंपनीच्या साइटवर गाडी हवी तशी सजवून बघायच्या पानावर, बसतात. रंग कुठला, चाकं काळी की सोनेरी, सीट कार्बनच्या की साध्या. डीलर मात्र जो पहिला फोन उचलेल तो! मला हे सगळं उफराटं वाटतं. स्पेक लॉक होईपर्यंत, म्हणजे गाडीचा तपशील कायम होईपर्यंत, रंग दहादा बदलता येतो. डीलर चुकीचा निघाला तर त्याचा पत्ता लागेपर्यंत त्या मॉडेलचं उत्पादन बंद झालेलं असतं.

मुळात समजून घ्यायची गोष्ट अशी की बहुतेक कंपन्या या गाड्या तुम्हाला विकत नाहीत, डीलरला वाटून देतात. याला ॲलोकेशन म्हणतात. शेवरोलेचं उदाहरण घ्या. त्यांच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचा कोटा ठरवताना त्या डीलरने आधी किती कॉर्व्हेट विकल्या हे पाहिलं जातं. वर्षाला एखादीच विकणाऱ्याकडे झेड०६ साठी, म्हणजे कॉर्व्हेटच्याच जास्त ताकदीच्या आवृत्तीसाठी, टोकन भरलंत तर तो कितीही गोड बोलो, त्याच्या हातात द्यायला काही नसतं. पोर्शच्या 911 जीटी३ ची गतही फार निराळी नाही. आलेला कोटा कोणाच्या पदरात टाकायचा हे शोरूमच्या आतल्या केबिनमध्ये ठरतं.

म्हणून ‘यादीत तुमचा सातवा नंबर आहे’ या वाक्याला माझ्या लेखी शून्य किंमत. सातवा कशातला? वर्षाला दोन गाड्या येणार असतील आणि दीड वर्षात उत्पादन थांबणार असेल, तर सातव्याला गाडी नाही. शिवाय ही यादी रेशनच्या रांगेसारखी नसते. मधे जुना गिऱ्हाईक घुसतो, मालकाचा मित्र घुसतो, आणि तुम्ही सातवेच राहता. तेव्हा विचारायचं ते हे: या मॉडेलच्या मागच्या पिढीत तुम्हाला एकूण किती गाड्या मिळाल्या? त्यातल्या किती पहिल्यांदाच आलेल्या ग्राहकांना दिल्या? माझ्यापुढच्या किती जणांनी खरंच पैसे भरलेत? आकडा सांगणारा डीलर लहान असला तरी चालेल. ‘साहेब, काळजी करू नका’ म्हणणारा मोठा असला तरी मी उठून चालू लागेन. मोठ्या शोरूमला गाड्या जास्त येतात हे खरं, पण त्यांचे पाच-पाच गाड्या घेतलेले लोकही तुमच्या पुढे उभे असतात. मधल्या आकाराच्या डीलरकडे दुसरा-तिसरा असणं मला मोठ्याकडे चाळिसावा असण्यापेक्षा केव्हाही बरं वाटतं.

आता वरच्या पैशांबद्दल. इथे माझं मत अनेकांना रुचणार नाही. छापील किमतीवर वरची रक्कम मागणारा प्रत्येक डीलर लुटारू असतो असं मला वाटत नाही. पहिल्याच भेटीत ‘इतके वर लागतील’ असं सांगून कागदावर लिहून देणारा माणूस निदान सरळ आहे. परवडलं तर घ्या, नाही तर सोडा. खरा त्रास देतो तो बुकिंगच्या वेळी ‘छापील किमतीतच देऊ’ म्हणणारा आणि गाडी बंदरातून निघाल्यावर ‘बाजार बदललाय’ सांगणारा. त्याचाच चुलतभाऊ म्हणजे किंमत छापीलच ठेवून पेंट फिल्म, कोटिंग, वाढीव वॉरंटी असं सगळं गळ्यात मारणारा. ‘अंतिम किंमत, त्यात काय-काय धरलंय, आणि गाडी येईपर्यंत ती बदलणार की नाही’ एवढ्या तीन ओळी ईमेलवर मिळत नसतील तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

वरचे पैसे भरण्याआधी थोडा इतिहासही आठवावा. 2016 मध्ये पोर्शने 911 आर आणली, फक्त 991 गाड्या. मॅन्युअल गिअरबॉक्स, मोठा स्पॉयलर नाही. पुनर्विक्रीत तिचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट गेले. मग 2017 मध्ये कंपनीनेच जीटी३ टूरिंग आणली. तशाच धाटणीची, मॅन्युअल, आणि संख्येचं बंधन नसलेली. 911 आर चे चढे भाव लगेच खाली आले. म्हणजे ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ हे डीलरचं आवडतं वाक्य दरवेळी खरं ठरतं असं नाही.

नफ्यासाठी घेणाऱ्यांचा कंपन्यांनाही वैताग येतो, आणि त्याची झळ खऱ्या शौकिनालाही लागते. नव्या फोर्ड जीटीचे ग्राहक फोर्डने अर्ज मागवून स्वतः निवडले आणि दोन वर्षं विकायची नाही अशी अट घातली. कुस्तीपटू जॉन सीनाने लवकर विकली म्हणून 2017 मध्ये कंपनी थेट कोर्टात गेली. पुढच्या वर्षी प्रकरण मिटलं. पोर्शने 911 एस/टी च्या 1963 गाड्या काढल्या तेव्हा अमेरिकेत पहिलं वर्ष भाडेकरारावरच घ्यायला लावलं. शेवरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्सने 2022 मध्ये झेड०६ वर्षाच्या आत विकली तर वॉरंटी पुढच्या मालकाला मिळणार नाही असं जाहीर केलं. अशी अट तुमच्या गाडीला आहे का, आणि डीलरने स्वतःची आणखी एखादी त्यात घुसवली आहे का, हे सही करण्याआधी वाचा. गाडी विकायची झाल्यास आधी त्यालाच विचारायचं, हे कलम मला रास्त वाटतं. मात्र त्यानेच ठरवलेल्या भावाला विकायची, असं असेल तर नाही.

‘नातं जोडा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की आधी आमच्या दोन एसयूव्ही घ्या, मग बघू. फेरारीत हे निदान उघड आहे. लाफेरारीच्या 499 गाड्या कंपनीने आपल्या जुन्या निवडक ग्राहकांनाच दिल्या. तिथे खेळाचे नियम ठाऊक असतात. पण बाकीच्या ठिकाणी न आवडणारी गाडी केवळ रांगेत पुढे सरकायला घेणं म्हणजे वरचेच पैसे, फक्त घसाऱ्याच्या रूपाने. ती एसयूव्ही विकताना जे नुकसान होईल ते हिशेबात धरा आणि मग सांगा की छापील किमतीत गाडी मिळाली. त्यात आश्वासन तोंडी, आणि देणारा सेल्समन तोवर दुसऱ्या ब्रँडकडे गेलेला. घरात एसयूव्ही हवीच असेल तर जरूर त्याच डीलरकडून घ्या. तेवढंच.

टोकनबाबत मी जरा जास्तच काटेकोर आहे, आणि त्याला कारण आहे. 2018 मध्ये फ्लोरिडातल्या एका पोर्श डीलरशिपमधला वरिष्ठ अधिकारी जीटी गाड्यांसाठी लोकांची डिपॉझिट स्वतः उघडलेल्या, नावात साधर्म्य असलेल्या कंपनीच्या खात्यात घेत असल्याचं उघड झालं. सुमारे 30 ग्राहक, 25 लाख डॉलरच्या आसपास. यातले बरेच जण पैशाच्या व्यवहारात मुरलेले असणार, तरी चेकवरचं नाव नीट पाहिलं गेलं नाही. गाडीची हाव भल्याभल्यांची नजर कमजोर करते. खातं डीलरशिपच्या नोंदणीकृत नावाचं हवं, पावती हवी, आणि कोटा मिळाला नाही तर रक्कम किती दिवसांत परत, हे त्या पावतीवर हवं.

आणि बुकिंग झालं म्हणजे नक्की काय झालं? जनरल मोटर्सच्या पद्धतीत ऑर्डरला टप्प्यांचे आकडे असतात. 1100 म्हणजे डीलरने ऑर्डर नुसती टाकून ठेवली आहे. 2000 ला कंपनीने ती उचलली, 3000 म्हणजे उत्पादन विभागाने स्वीकारली. लोक 1100 वर पेढे वाटतात! इतर कंपन्यांत कोड निराळे असतील, पण ऑर्डर क्रमांक, बिल्ड स्लॉटचा (गाडी कारखान्यात बनायची पाळी) महिना आणि स्पेक लॉक होण्याची तारीख डीलरला दाखवता आलीच पाहिजे. खास मागणीचा रंग हवा असेल तर त्याचा कोटा अनेकदा वेगळा असतो, तेही तेव्हाच विचारून घ्या.

सगळं जमूनही गाडी समुद्रात जाऊ शकते. मार्च 2019 मध्ये ग्रांदे अमेरिका हे जहाज बुडालं, त्यात ब्राझीलसाठी निघालेल्या चार 911 जीटी२ आरएस होत्या. उत्पादन संपलेलं असूनही पोर्शने त्या चार ग्राहकांसाठी ते पुन्हा सुरू केलं. 2022 मध्ये फेलिसिटी एस हे जहाज सुमारे 4000 गाड्यांसह बुडालं आणि लॅम्बोर्गिनीला त्यातल्या अव्हेंटाडोर अल्टिमे गाड्या पुन्हा बनवायला लागल्या. अशा वेळी कंपनीच्या मागे लागायचं काम तुमच्या डीलरचं असतं. हा माणूस तेव्हा फोन उचलेल का, याचा अंदाज त्याच्या जुन्या ग्राहकांशी बोलल्यावर येतो. गूगलवरचे तारे बघून नाही.

डीलर गावातलाच हवा असा हट्ट मी धरत नाही. वॉरंटी बहुधा कंपनीची असते आणि सर्व्हिस जवळच्या अधिकृत केंद्रात होते. नोंदणीचे नियम आड येत नसतील तर लांबचा प्रामाणिक माणूस परवडतो. फक्त डिलिव्हरीच्या दिवशी स्वतः जा. ओडोमीटर बघा, चाकांच्या रिमवर ओरखडे बघा. आणि बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या की तपासणीला लागेल तेवढी सोडून गाडी शोरूममधल्या कोणीही चालवायची नाही आणि आपोआप धुणाऱ्या मशीनमध्ये घालायची नाही. यावर सेल्समन हसला तर हसू द्या. सही घेऊन ठेवा.